कागदावरची शिकार

नाशिकमध्ये बंदुकीचा विषय निघाला की गप्पा आधी १९०९ सालात जातात. २१ डिसेंबरची रात्र, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. तिथून निघालेली गाडी देवळालीच्या तोफखान्याला वळसा घालून परत येते. मधे राहून जाते ती साधी घरगुती बंदूक. वाड्यात खुंटीला टांगलेली, आजोबांनी कधीकाळी परवाना काढलेली, आणि आता आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्यापुरती घराबाहेर पडणारी.

आमच्या मित्रमंडळीतल्या नानांकडची तर त्याहूनही निरुपद्रवी. वडिलांची जुनी बीएसए एअर रायफल, परवानासुद्धा न लागणारी. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. आमच्या आधीच्या पिढीला ही अक्षरं सायकलीवरून पाठ होती, आणि त्या सायकलीच्या शिक्क्यातही एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली असायच्या. बंदुकांच्या कारखान्यांनी माणसांना दुचाकीवर बसवलं, ही मला त्या धंद्यातली सगळ्यात सज्जन गोष्ट वाटते. आम्ही मंडळींनी नानांची रायफल रेंजवर चालवून पाहिली, त्या दिवशी आमच्यातले दोघे बुलेटवर आले होते. तिच्या टाकीवरचं एनफिल्ड हे नावही मुळात इंग्लंडमधल्या बंदूक-कारखान्याच्या गावाचं. त्याच गावाच्या ली-एनफिल्डला आपल्या पोलिसांनी जन्मभर ‘थ्री नॉट थ्री’ म्हटलं.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणारी आमची मंडळी जॉगिंग कमी आणि बेत जास्त करते. त्यातलाच हा एक. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला एका रेंजवर जमायचं, तिथल्या एअर रायफली आणि नानांची म्हातारी, दोन्ही चालवून बघायच्या.

रेंजवरच्या सरांचा पहिला प्रश्न, “नाश्ता काय केलात?”

रविवार, नाशिक; उत्तर वेगळं काय असणार? सरांनी मान हलवली. पोटभर मिसळ आणि वर दोन कट चहा झाला की छातीचा ठोका थेट नळीच्या टोकावरच्या माशीत, म्हणजे नेम धरायच्या खुणेत दिसतो, म्हणाले. खोटं वाटलं होतं. रायफल उचलल्यावर माशी खरंच ठोक्यागणिक हलत होती. एकाने लगेच “बीपीचं मशीन विकून टाका” असं सुचवलं.

दहा मीटर म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंतचं अंतर. कागदावर ३०.५ मिलिमीटरचं काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, अवघा ०.५ मिलिमीटरचा. छर्रा स्वतःच ४.५ मिलिमीटर जाड. म्हणजे ज्याला टिपायचं, तो टिपणाऱ्याच्या पोटात मावतो. पॅरिसला २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरवर कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आम्ही सोफ्यावरून “अरे, जरा डावीकडे घे” असं त्याला सांगत होतो. तो सल्ला आम्ही मनातल्या मनात मागे घेतला.

खरी मजा नानांच्या बीएसएने आणली. आमच्यातले आप्पा पोलीस खात्यातून निवृत्त. थ्री नॉट थ्री चालवलेला माणूस, त्यामुळे त्यांचा रुबाब वेगळाच. दस्ता खांद्यात रुतवायचा, गाल चिकटवायचा, रायफल आवळून धरायची. सैल धरली तर ती खांदा काळानिळा करते, हे त्यांना हाडामासाने ठाऊक. त्यांनी बीएसएही तशीच आवळली, आणि छर्रे चौफेर उधळले.

कारण या बंदुकीत दारू नाही, स्प्रिंग आहे. चाप ओढला की आतला दट्ट्या सुसाटत पुढे जातो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. गंमत अशी, की दट्ट्याचा हिसका छर्रा नळीत असतानाच बसतो. तुम्ही घट्ट धरलंत तर दर वेळी तो हिसका वेगळ्या दिशेने अडतो. म्हणून तिला तळहातावर नुसती टेकवायची आणि तोफेला मागे सरकू देतात तशी हलू द्यायची. देवळालीच्या इतक्या शेजारी राहून हे सांगायला सर लागले. आप्पांना ते पटलं, पण हातांना काही केल्या पटेना. तीस-पस्तीस वर्षांची पकड एका सकाळीत कशी सुटणार?

मग कार्डं हातात आली. नानांनी पाच छर्रे मारलेले, कार्डावर भोकं सहा. आप्पांच्या कार्डावर चार. नानांच्या सहापैकी एक मात्र नवाच्या रिंगणात, बाकीची पांढऱ्या पट्टीत भटकणारी.

“ते नवाचं माझं,” आप्पा म्हणाले.

सरांनी नियम सांगितला: शेजारच्या कार्डावर मारलेली गोळी मारणाऱ्याच्या खात्यात शून्य. “शून्य तर शून्य, पण भोक माझं,” आप्पा ठाम. गुण सोडायला तयार आणि भोक सोडायला नाही, असा दावा दिवाणी कोर्टातही सहसा येत नसेल.

नानांचे वडील म्हणे बिबट्याच्या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगायचे. त्यात बिबट्या पुढे आणि बंदूकवाले मागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सगळं बंद झालं. आता बिबट्या उसातून निघून थेट कॉलनीत येतो, सीसीटीव्हीत ऐटीत चालताना दिसतो, आणि वनखात्याची माणसं त्याला झोपवायला भुलीच्या इंजेक्शनची बंदूक घेऊन धावतात. आम्ही शिकारी मंडळी खिडक्या लावून ग्रुपवर व्हिडिओ फॉरवर्ड करतो. मला ही अदलाबदल रास्त वाटते. आमचा नेम पाहता बिबट्यालाही वाटावी.

पूर्वीचे लोक दिवाणखान्यात मुंडकी टांगत. नानांना त्यांचं कार्ड फ्रिजवर लावायचं होतं. वहिनींनी ते हातात घेऊन नीट पाहिलं, पांढऱ्या पट्टीतली भोकं मोजली आणि म्हणाल्या, “लावा. पण नवाच्या भोकाखाली आप्पांचं नाव लिहून.”