दुपारी लहान होणारा बोअर: एका एट-डीचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या शॉपमधून ॲल्युमिनियमची हाउसिंग जात होती. मधला बोअर, म्हणजे गोल भोक, ५० एच ७, म्हणजे ५०.००० ते ५०.०२५ मिमी. एप्रिलमध्ये कस्टमरकडून लॉट परत आला: बोअर ३-४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लहान. आमच्या नोंदवहीत त्याच जॉबचं (तयार नगाचं) रीडिंग ५०.०१२, टॉलरन्सच्या अगदी मधोमध. एट-डी रिपोर्ट मागितला गेला, म्हणजे दोषाचं कारण शोधून आठ रकान्यांत मांडायचा अहवाल. फोर्डने १९८७ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आज वाहन उद्योगात सगळीकडे चालते, पण पुष्कळदा उत्तर आधी ठरतं आणि रकाने मागून भरले जातात. आमचाही तसाच भरला जाणार होता.

दहा मिनिटांत तीन कारणं टेबलावर आली. दुपारच्या शिफ्टला नवा ऑपरेटर, इन्सर्टचा (कापणाऱ्या टोकाचा) मेक बदललेला, मशीन जुनं. मालकांचा कल मशीनकडे, कारण नव्या व्हीएमसी मशीनचा ॲडव्हान्स देऊन झाला होता. एकदा मालक बोलले की बाकीचे त्यांच्याच कारणाला पुरावे गोळा करून देतात. म्हणून चर्चा थांबवून प्रत्येकाला कोरा कागद दिला. वर कारण लिहायचं, खाली "हे कारण चुकीचं असेल तर शॉपमध्ये काय दिसेल" ते लिहायचं. मालकांचा कागद शेवटी वाचायचा, हे त्यांच्याकडूनच कबूल करून घेतलं. ज्याचा खालचा भाग रिकामा राहिला, ते कारण तूर्त बाजूला.

दरम्यान एक चूक होऊन गेली होती. तात्पुरता उपाय म्हणून शिल्लक स्टॉक शंभर टक्के तपासला, तो त्याच गेजने, त्याच टेबलावर, दुपारी. सगळा ओके निघाला. ज्या मापनाबद्दल शंका आहे, त्याच मापनाने आम्ही स्वतःला सर्टिफिकेट देत होतो. एट-डीचा तिसरा, तात्पुरत्या उपायाचा रकाना भरताना हे फार वेळा घडतं.

मग आहे-नाही तक्ता केला. केप्नर आणि ट्रिगो यांची ही पद्धत साधी आहे: दोष कुठे, कधी, कशात आहे, आणि असायला हरकत नव्हती तिथे कुठे नाही. खरी माहिती 'नाही'च्या रकान्यात असते, आणि नेमका तोच भरायचा लोक कंटाळा करतात. आमचा असा झाला: ५० च्या बोअरमध्ये आहे, त्याच जॉबच्या १२ मिमी डॉवेल होलमध्ये (पिनच्या भोकात) नाही. दुपारच्या जॉबमध्ये आहे, रात्रीच्या नाही. ॲल्युमिनियममध्ये आहे, त्याच मशीनवरच्या, तेवढ्याच बोअरच्या बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबमध्ये नाही. एप्रिलमध्ये आहे, डिसेंबर-जानेवारीत नव्हता.

या चार ओळींसमोर जुनी कारणं उभी केली. मशीन खराब असेल तर बीडाचा जॉब का सुटतो? इन्सर्ट झिजत असेल तर बदलल्यानंतरच्या पहिल्या जॉबपेक्षा शेवटचा लहान यायला हवा. तसा चढउतार नव्हता. ऑपरेटरचं कारण मात्र शिफ्टशी जुळत होतं, म्हणून तेच सगळ्यांना पटत होतं. दोन दिवस ऑपरेटर अदलाबदल केले. जुन्या हाताखालीही दुपारचा बोअर लहानच.

शेवटी दुपारचे दहा जॉब नंबर टाकून घेतले. मशीनवरून उतरताच मोजले, रात्रभर २० अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये ठेवले, सकाळी तिथेच मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, गेज शून्य करून पुन्हा मोजले. माणूस तोच, गेज तोच, बोअरमधली मोजायची जागाही तीच, कारण यातलं एक जरी बदललं तरी फरकाचं श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही. ५०.०१२ चे ४९.९९६ झाले होते.

हिशोब जुळला. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं, स्टील साडेअकरा. जॉब उतरताना ४२ अंशांवर, म्हणजे बोअर २५ मायक्रॉन मोठा. स्टीलची मास्टर रिंग ३६ अंशांच्या शॉपमध्ये ९ मायक्रॉन मोठी. फरक १६. गेज मोठं दाखवतो म्हणून ऑपरेटर ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) कमी करत होता, आणि थंड झाल्यावर बोअर हद्दीखाली जात होता. रात्री शॉप २६ वर आणि जॉब २९ वर असताना हाच फरक ७ मायक्रॉनचा, त्यामुळे माल पास. थंडीच्या महिन्यांतही तसंच. १२ च्या होलमध्ये चूक चारच मायक्रॉनची. बीड जवळपास स्टीलएवढंच फुगतं. चारही 'नाही' सुटले.

पाच 'का' दोनदा विचारावे लागतात: दोष का झाला, आणि तो आपल्याला का दिसला नाही. पहिल्या बैठकीतली साखळी "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" इथे थांबली होती. माणसावर थांबलेल्या साखळीतून ट्रेनिंगच्या सह्यांपलीकडे काही निघत नाही.

उपाय असा: मास्टर रिंग त्याच ग्रेडच्या ॲल्युमिनियमची, आतून हार्ड ॲनोडाइझ केलेली (कडक थर चढवलेली), कारण मऊ रिंग लवकर झिजते, तरी महिन्याला तपासणी. जॉब आणि रिंग बीडाच्या एकाच प्लेटवर ठेवायचे आणि दोघांत २ अंशांपेक्षा कमी फरक आल्यावरच मोजायचं. मग चूक २.३ मायक्रॉनच्या आत राहते. तापमान स्पर्शाच्या प्रोबने घ्यायचं. चमकत्या ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन बरंच कमी दाखवते. एक दिवस तिच्याच आकड्यांवर गेला.

मशीनच्या ॲडव्हान्सवर वेगळी बैठक झाली. प्रश्न एकच ठेवला: ॲडव्हान्स दिलाच नसता तर आज ही ऑर्डर टाकली असती का? उत्तर "नाही" असं आलं. डिलिव्हरी पुढे ढकलली.

सातव्या रकान्यासाठी, म्हणजे दोष पुन्हा होऊ नये म्हणून, बाकीचे ॲल्युमिनियम जॉब व्यासाच्या क्रमाने मांडले. २० च्या खालचे सोडून दिले. सगळ्यात वर होतं ८० एच ७ बोअरचं कव्हर: टॉलरन्स ३० मायक्रॉन, दुपारची चूक जवळपास २६. त्याची तक्रार अजून आलेली नव्हती.