तुम्ही विचारलंत म्हणून: ते फोटो का दाखवत नाही?

व्याख्यान संपलं की हात वर होतोच. "रमाबाई नगरच्या मृतांचे फोटो तुमच्याकडे असतील ना? दाखवत का नाही?" मागच्या रांगेतून कुणीतरी 'मॅनेज झाले असतील' असंही पुटपुटतं. नाही झालो. एकदाच लिहून टाकतो.

हो, निगेटिव्ह आहेत. ११ जुलै १९९७, मुंबईत घाटकोपरची ती दलित वस्ती, बाबासाहेबांच्या पुतळ्याला घातलेली चपलांची माळ, जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार, गेलेली १० माणसं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सांगायचं आहे ते एका घरातलं. बाहेर पाऊस, आत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. गेलेल्या पोराची आई उठली, ट्रंक उघडली आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून पासपोर्ट साइजचा फोटो काढला. मागे निळा पडदा, केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. "दवाखान्यातला छापू नका भाऊ. हा छापा. यात नीट दिसतो तो." दारातल्या उजेडात तो पाटावर ठेवला, लेन्सला क्लोजअप फिल्टर लावला आणि कॉपी केली. क्लिक झाल्या झाल्या तिने फोटो उचलला. पागोळ्यांचं पाणी उडत होतं.

ऑफिसात संपादक म्हणाले, "हा कुणाचाही पोरगा वाटतो. मेलाय हे वाचकाला कळणार कसं?" मग एमेट टिलचा दाखला. १९५५, अमेरिकेतलं मिसिसिपी, गोऱ्यांनी हाल करून मारलेला १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. आईने शवपेटी उघडी ठेवली, 'जेट' साप्ताहिकाने तो चेहरा छापला, अमेरिका हादरली. सगळं खरं. पण ठरवलं ते त्या आईने, मेमी टिल यांनी, फोटोग्राफरने नाही. आणि त्यांनीच पेटीच्या झाकणाला आतून मुलाचे जिवंतपणीचे फोटो लावले होते, ते कुणी का सांगत नाही?

पासपोर्ट फोटो छापून आला नाही. दवाखान्यातला, मृतदेहाचा, मी दिला नाही. त्या जागेवर एका पुढाऱ्याची भेट आली.

'तुम्ही लपवलंत म्हणून पोलिसांचं फावलं' हा आरोपही ऐकलाय. पोलीस म्हणत होते, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. त्याला उत्तर प्रेताच्या फोटोत नसतं. ते असतं कंटाळवाण्या फोटोंत: हायवे, टँकर, वस्तीचं तोंड, मधलं अंतर. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाने टँकरचा दावा मानला नाही. असले रस्त्याचे फोटो मी मागेल त्याला देतो. मागतंय कोण?

गंमत म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात, दलितांची घरं जाळली गेली तेव्हा, मीच तावातावाने म्हणायचो, जळालेलं घर दाखवायला परवानगी कसली घ्यायची? फोटो चळवळीचा. त्या पोरसवदा माणसाशी माझं भांडण अजून चालू आहे आणि तो दरवेळी हरतो असंही नाही. तो चेहरा बघून आणखी काही लोक रस्त्यावर आले असते, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू?

मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, "त्या आईंना परत विचारलंत का?" नाही विचारलं. इतक्या वर्षांनी त्याच प्रश्नासाठी तिचं दार वाजवणं मला जमत नाही. निगेटिव्ह फाडून टाकणंही जमत नाही.