नेर्हाच्या समुद्रकाठी काकवी

लेकीनं तिकिटं काढली म्हणून स्पेनला गेलो, नाहीतर संकेश्वरचा माणूस फार तर गोव्याला जातोय. मलागापासून पूर्वेला 50 किलोमीटरवरचं नेर्हा हे गाव. समुद्रावर पुढं आलेला सज्जा, त्याला 'युरोपची बाल्कनी' म्हणतात. फोटो झाले, खाली उतरलो.

किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून त्यात लाकडं पेटवलेली. काठीला ओवलेले तारली मासे जाळाच्या कडेला तिरके रोवून भाजतात, वर नुसतं जाडं मीठ. आमची मंडळी माशाला शिवत नाही, तिनं तळलेली वांगी मागवली. वर काळसर, दाट काहीतरी ओतलेलं. बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "अहो, काकवी की ही!"

काकवीच होती. अरबांनी ऊस इथं आणला. डोंगरातल्या फ्रिखिलियाना या पांढऱ्या गावात आजही काकवीचा कारखाना चालू आहे. वास थेट आमच्या गुऱ्हाळातल्या काहिलीचा. नेर्हाशेजारच्या मारो गावाजवळ चार मजली कमानींचा पाट आहे, तोही एकेकाळी साखर कारखान्याला पाणी द्यायलाच बांधलेला. तिथंच एक मोठी गुहा आहे, पण 1959 मध्ये पोरांना सापडलेल्या त्या गुहेपेक्षा मी त्या कमानींपाशीच जास्त रेंगाळलो.

जेवण मात्र रात्री नऊच्या आत मिळणं कठीण. साडेसातला भाकरी मोडणाऱ्यांनी चिवडा बरोबर ठेवावा. फ्रिखिलियानाला नेर्हाहून बस आहे, चढाच्या गल्ल्यांसाठी बूट चांगले घाला.