नंबर अकरा नको, नंबर चार वाचा

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारापाशी एक सूचनाफलक आहे. हरवलेली मांजरे, पियानोच्या शिकवण्या आणि रक्तदान शिबिरे यांच्या गर्दीत त्यावर दर वर्षी जुलैच्या अखेरीस एक फिकट हिरवा कागद लागतो. गावातल्या हौशी नाट्यसंस्थेच्या येत्या हंगामातली नाटके, त्यांच्या प्रयोगांचे आठवडे आणि ऑडिशनच्या तारखा एवढेच त्यावर छापलेले असते. ओहायो राज्यातल्या या लहानशा गावात आल्यावर पहिली दोन वर्षे मी तो कागद नुसता वाचून पुढे जात असे. तिसऱ्या वर्षी आत शिरले. या वर्षीचा कागद गेल्या आठवड्यात लागला आणि त्यानिमित्ताने हे सारे लिहिण्याचे मनात आले, कारण आपल्याकडच्या हौशी रंगभूमीत वाढलेल्या कोणालाही इथली पद्धत अर्धी ओळखीची आणि अर्धी अनोळखी वाटेल.

इथे या प्रकाराला कम्युनिटी थिएटर म्हणतात. नटांना पैसे मिळत नाहीत, दिग्दर्शकाला मिळालेच तर नावापुरते, आणि तिकिटविक्री, देणग्या व स्थानिक दुकानदारांच्या स्मरणिकेतल्या जाहिराती यांवर गाडा चालतो. इथवर सगळे आपल्यासारखेच आहे. फरक आहे तो नाटक कोणासाठी बसवले जाते यात. आपल्याकडची हौशी मंडळी मुख्यतः स्पर्धेसाठी नाटक बसवतात. राज्य नाट्य स्पर्धा असो वा महाविद्यालयीन मुलांचा पुरुषोत्तम करंडक, सारी धडपड परीक्षकांसमोरच्या एका प्रयोगासाठी असते आणि तो संपला की नाटकही बहुधा संपते. स्पर्धा इथेही होतात, पण संस्थेचा श्वास हंगामावर चालतो. सप्टेंबर ते मे या काळात तीन-चार नाटके, प्रत्येकाचे तीन आठवडे शुक्रवारी व शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी असे नऊ प्रयोग, आणि त्या सगळ्यांची तिकिटे एकदम घेणारे वर्गणीदार. कोण काम करणार हे ठरण्याआधीच दीड-दोनशे माणसांनी पैसे भरलेले असतात, ही गोष्ट मला अजूनही थोडी धाडसाची वाटते.

ही परंपरा जुनी आहे. बॉस्टनच्या जमेका प्लेन भागातला फूटलाइट क्लब 1877 पासून चालू आहे आणि देशातली अखंड चाललेली सर्वांत जुनी हौशी संस्था म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आमच्या राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये 1915 या एकाच वर्षी दोन संस्थांचा पाया घातला गेला. एक क्लीव्हलंड प्ले हाउस, जी पुढे व्यावसायिक झाली. दुसरी कारामू हाउस, जिथे गोरे आणि कृष्णवर्णीय कलाकार एकत्र काम करू लागले. आमची संस्था या दोन्हींपुढे अगदीच लहान आहे. एका जुन्या चर्चची इमारत, सव्वाशे खुर्च्या, आणि पाऊस पडला की डाव्या विंगेत ठेवावी लागणारी एक बादली.

यंदाच्या हंगामाची सुरुवात ऑक्टोबरात 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या विनोदी नाटकाने होणार आहे. जोसेफ केसलरिंग यांचे हे नाटक 1941 साली ब्रॉडवेवर आले. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या दोन अत्यंत प्रेमळ वृद्ध बहिणी एकाकी म्हाताऱ्यांना घरी बनवलेल्या वाइनमधून विष देतात, कारण त्यांच्या मते ते परोपकाराचे काम आहे. त्यांच्या एका भाच्याला आपण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आहोत असे वाटते आणि तळघरातल्या खड्ड्यांना तो पनामा कालव्याचे खोदकाम समजतो. या नाटकाच्या शेवटी, नट वंदनेसाठी पुढे आले की तळघराच्या दारातून सारे 'मृत' म्हातारेही रांगेने बाहेर येऊन वाकतात, अशी एक गमतीची प्रथा अनेक संस्था पाळतात. म्हणून यंदाच्या सूचनेत एक ओळ अशी आहे की, प्रेतांच्या भूमिकांसाठी साठीपुढचे बारा गृहस्थ हवे आहेत, संवाद नाहीत, तालमीला फक्त दोनदा यावे लागेल. पोस्टातले निवृत्त कारकून, दंतवैद्य आणि शाळेचे माजी मुख्याध्यापक यांनी आत्ताच नावे दिली आहेत. ज्यांना बायकोच्या आग्रहाखातर रंगमंचावर यायचे आहे पण तोंड उघडायचे नाही, त्यांच्यासाठी याहून चांगली भूमिका मला माहीत नाही.

डिसेंबरात नेहमीप्रमाणे मुलांना घेऊन 'अ ख्रिसमस कॅरोल' आहे. डिकन्सची ही कथा 1843 सालची, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले त्याच वर्षीची. हा योगायोग मी तालमीत दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा माझ्याखेरीज कोणालाही त्याचे अप्रूप वाटले नाही. मूळ कथेवरचे हक्क केव्हाच संपलेले असल्याने संस्थेने आपली आपणच संहिता करून घेतली आहे, आणि वर्षाची निम्मी कमाई या नाटकावर होते ती तेवढ्यासाठीही.

मी ज्याची वाट पाहते आहे ते मे महिन्यातले 'आवर टाउन'. थॉर्नटन वाइल्डर यांचे हे नाटक 1938 साली आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. न्यू हॅम्पशायरमधल्या एका काल्पनिक खेड्यातली दोन कुटुंबे, पहिल्या अंकात त्यांची रोजची सकाळ, दुसऱ्यात लग्न, तिसऱ्यात स्मशान. नेपथ्य जवळजवळ नाहीच. टेबले, खुर्च्या, दोन शिड्या, आणि बाकी सारे मूकाभिनयाने. दूधवाला नसलेल्या घोड्याला हाकतो आणि आई नसलेल्या चुलीवर न्याहारी करते. या सगळ्याची सूत्रे स्टेज मॅनेजर नावाच्या पात्राकडे असतात. ते पात्र थेट प्रेक्षकांशी बोलते, काळ पुढे-मागे नेते आणि मधूनच एखाद्या दुकानदाराचे काम करून परत आपल्या जागी येते. सूत्रधार पाहत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला त्यात काही नवल वाटणार नाही, पण इथे त्या काळी त्याचे बरेच नवल झाले होते.

नाटक निवडण्यामागे एक रूक्ष भागही असतो आणि तो समजल्याशिवाय ऑडिशनची सूचना नीट कळत नाही. हक्क असलेले नाटक करायचे तर परवाना देणाऱ्या कंपनीशी करार करून प्रत्येक प्रयोगामागे रॉयल्टी भरावी लागते, आणि त्या करारानुसार संहितेतला शब्दही परवानगीवाचून बदलता येत नाही. आपल्याकडे संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, मात्र तालमीत चार वाक्ये इकडची तिकडे झाली तर लेखकाला कळवायला कोणी जात नाही. इथे सरकार संहिता पाहत नाही, पण पुरुष पात्राचे स्त्री पात्र करायचे तर लेखी परवानगी लागते. रेजिनाल्ड रोझ यांच्या 1954 सालच्या दूरदर्शन नाटकावरून रंगभूमीसाठी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' झाले. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवायला एका खोलीत बसलेल्या बारा ज्यूरींची, म्हणजे निवाडा देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांची, ही गोष्ट; 'एक रुका हुआ फैसला' पाहिलेल्यांना ती ठाऊकच आहे. शर्मन सर्गेल यांच्या त्या रूपांतराच्या 'ट्वेल्व्ह अँग्री विमेन' आणि स्त्री-पुरुष दोघांना घेता येईल अशी 'ट्वेल्व्ह अँग्री ज्यूरर्स' या वेगळ्या अधिकृत आवृत्त्या आहेत. आमच्या संस्थेने गेल्या फेब्रुवारीत ही शेवटची आवृत्ती केली आणि माझी पहिली ऑडिशन तिच्यासाठीच झाली.

त्या सूचनेत प्रत्येक पात्रापुढे वयाचा पल्ला दिला होता आणि हे रंगमंचावर दिसणारे वय आहे, जन्मदाखल्यावरचे नव्हे, असेही नमूद होते. पाठांतर करून येण्याची गरज नाही, त्या वेळी हातात देऊ ते पान वाचावे. एखादी भूमिका आधीच कोणाला दिलेली असेल तर ती इथे जाहीर केली जाईल. सर्व वंशांच्या आणि सर्व उच्चारांच्या लोकांचे स्वागत आहे. हे शेवटचे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले. माझे इंग्रजी व्यवस्थित आहे, पण ते मराठी शाळेतून आलेले आहे आणि बँकेत फोनवर आडनाव सांगताना मला ते अजूनही अक्षर-अक्षर सुटे करून सांगावे लागते. म्हणून मी घरूनच हिशेब करून निघाले. त्या नाटकातल्या ज्यूरींना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत, आणि अकरा क्रमांकाचा ज्यूरी युरोपातून आलेला निर्वासित आहे, ज्याच्या बोलण्यात परका हेल आहे. परक्या हेलाची एकच भूमिका आणि परक्या हेलाची एकच मी. याहून सरळ गणित काय असणार!

प्रत्यक्षात आत गेल्यावर पहिल्यांदा हातात आला तो एक फॉर्म. नाव, पत्ता, अनुभव. मिळेल ती भूमिका घ्याल का, हो किंवा नाही. भूमिका न मिळाल्यास रंगमंचामागे काम कराल का, हो किंवा नाही. आणि त्याखाली अर्धे पान भरून सहा आठवड्यांच्या तारखांचा तक्ता, ज्यात आपल्याला जमणार नाही अशा संध्याकाळींवर फुली मारायची होती. मी प्रामाणिकपणे नऊ फुल्या मारल्या. मुलीचे पोहणे, नवऱ्याचा दौरा, दोन वाढदिवस. तो तक्ता मला किरकोळ कारकुनी बाब वाटली.

मग तिघातिघांना आत बोलावून वाचायला लावत होते. मी म्हटले, "मला अकरा नंबर वाचायला आवडेल." दिग्दर्शिका सत्तरीच्या आसपासच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या बाई होत्या. त्यांनी मला ते पान दिले, मी वाचले, आणि त्या म्हणाल्या, "छान. आता नंबर चार वाचा." चार नंबर म्हणजे शेअर दलाल, थंड डोक्याचा, मुद्द्याला मुद्दा लावून बोलणारा, अख्ख्या खोलीला घाम फुटलेला असताना कोट न काढणारा माणूस. मी चाचरत विचारले की, माझ्या उच्चारांचे काय. त्या म्हणाल्या, "अकरा वाचताना तुम्ही उच्चारांचा अभिनय करत होतात. चार वाचा, म्हणजे मला तुम्ही ऐकू याल." मी चार वाचला. वाचताना समोरचा माणूस काय म्हणतो आहे हे मी पहिल्यांदाच नीट ऐकले, कारण उत्तर त्याच्या वाक्यातून काढायचे होते. दोन दिवसांनी मला पुन्हा वाचायला बोलावले, तेही चार नंबरसाठीच.

भूमिका मला मिळाली नाही. ती एका निवृत्त परिचारिकेला मिळाली आणि तिने ती माझ्यापेक्षा खचितच बरी केली. मला रंगसाहित्याची जबाबदारी देण्यात आली, कारण दुसऱ्या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिले होते. त्या नाटकात रंगसाहित्य म्हणजे मुख्यतः चाकू. खुनात वापरलेला चाकू पुरावा म्हणून आणला जातो आणि असा दुसरा चाकू मिळणेच अशक्य आहे असे ठासून सांगितले जात असताना आठ नंबरचा ज्यूरी खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात रोवतो. तेव्हा दोन चाकू एकसारखे हवेत, दोन्ही बोथट हवेत, आणि त्यातला एक टेबलात उभा राहिलाच पाहिजे. बोथट चाकू कठीण लाकडात उभा राहत नाही. पहिल्या तालमीत तो टेबलावरून घरंगळत तीन नंबरच्या मांडीवर गेला. शेवटी सुतारकाम पाहणाऱ्या गृहस्थांनी टेबलात वहीएवढा चौकोन कापून त्यात मऊ पाइनचा तुकडा बसवला, वर तसाच रंग दिला, आणि मी दर आठवड्याला तो तुकडा बदलत असे. विंगेतल्या टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा मार्करने काढलेली असे, जेणेकरून एखादा चाकू जागेवर नसेल तर अंधुक निळ्या दिव्यातही रिकामी आकृती दिसावी. प्रयोग संपला की दोन्ही चाकू कपाटात आणि किल्ली माझ्या गळ्यात.

तालमींची शिस्त आपल्यापेक्षा कडक आहे असे मी म्हणणार नाही, पण वेगळी आहे. पुस्तक हातातून खाली ठेवण्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरते, त्यानंतर काही दिवस अडखळल्यास 'लाइन' असे ओरडले की वाक्य मिळते, आणि मग तेही बंद होते. प्रयोगाच्या वेळी विंगेत प्रॉम्प्टर नसतो. हे कळल्यावर भूमिका न मिळाल्याचे माझे दुःख बरेच हलके झाले. शेवटच्या रविवारी पडदा पडल्यावर कोणीही घरी जायचे नाही. दोन तासांत सगळे नेपथ्य सर्वांनी मिळून उतरवायचे, आणि मघाशी टाळ्या घेतलेला नायक खिळे वेचताना दिसतो.

नेपथ्य उतरवतानाच मी दिग्दर्शिकाबाईंना विचारले की, चार नंबर माझ्या हातून कशामुळे गेला, आणि उत्तरासाठी मनाची तयारीही केली होती. त्यांनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. "वाचन तुमचेही चांगले होते," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या नऊ फुल्या होत्या आणि तिची एक." बारा माणसे पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच खोलीत बसलेली असतात अशा नाटकात एक खुर्ची नऊ संध्याकाळी रिकामी राहणे कोणालाच परवडणारे नव्हते.

'आवर टाउन'च्या ऑडिशन मार्चमध्ये आहेत, पण संस्थेने फॉर्म आताच वाटायला काढले आहेत. मला स्टेज मॅनेजरचे पात्र वाचायचे आहे. ती भूमिका पुरुषासाठी लिहिलेली आहे आणि स्त्रीला देण्याबाबत संस्थेने पत्रव्यवहार सुरू केला आहे, तेव्हा ते नाही जमले तर दूधवाला. मुलीच्या पोहण्याच्या वेळा नवऱ्याने घेतल्या आहेत आणि त्याच्या कार्यालयातला एप्रिलचा दौरा त्याने आपणहून पुढे ढकलून घेतला आहे. तक्त्यात सध्या एकच फुली आहे, तीही पेन्सिलने मारलेली.