तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टीत घरी बसून करता तरी काय?

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की शुक्रवारी दुपारपासून ऑफिसात एकच चौकशी सुरू होते, "मग, कुठे?" मी म्हणते, "घरीच." समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते आणि जरा काळजीच्या सुरात विचारते, "तीन दिवस? घरी? करता तरी काय?" दरवेळी मी "काही नाही हो, आराम" म्हणून वेळ मारून नेते. खरं उत्तर लिफ्टमध्ये उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून आज लिहूनच टाकते.

मी कांदे परतते.

हसू नका. ‘कांदा तांबूस होईपर्यंत परता, ५ ते ७ मिनिटं’ असं पाककृतींमध्ये सर्रास छापलेलं असतं. ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं, त्याच्या घरी पानावर माणसं खोळंबलेली असावीत. मी घड्याळ लावून बघितलंय. चार मोठे कांदे, जाड बुडाचं भांडं, मंद आच, की पाऊण तास लागतोच. कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. ते उडून जात नाही तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि तांबूसपणा खरा वेग धरतो तो १४० अंशांच्या आसपास. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही क्रिया लुई-कामीय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली मांडली. एरवी संध्याकाळी सातला घरी पोचून मीही आच मोठी करते. मग कडा काळ्या आणि आत कच्चा, असा कांदा आम्ही मुकाट्यानं खातो.

सुट्टीत मात्र घाई नसते. पहिली दहा मिनिटं कांदा नुसता मऊ पडतो, काचेसारखा दिसायला लागतो. मग येतो तो सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. वीसेक मिनिटं काही घडतंय असं वाटतच नाही. नवरा आतल्या खोलीतून दोनदा विचारतो, "झाला का गं?" मला हीच वीस मिनिटं आवडतात. हात हलता असतो, डोकं रिकामं. आधी वासातला तिखटपणा जातो, गोडसरपणा येतो, रंग त्यानंतर. बुडाला चिकटलेलं तपकिरी काही दिसलं की चमचाभर पाणी टाकून उलथन्यानं खरवडून घ्यायचं, सगळी चव तिथेच असते. शेवटची पाच मिनिटं जागचं हलायचं नाही. मागच्या वर्षी एक फोन घेतला आणि चाळीस मिनिटांची मेहनत कचऱ्यात गेली. तेव्हापासून फोन कपाटात.

दुसरा उद्योग ब्रेडचा, पण त्यात माझं कर्तृत्व फार नाही. रात्री पीठ, पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट कालवायचं, झाकायचं, झोपायचं. मळायचंही नाही. बारा ते अठरा तास मिळाले की सैल पिठात ग्लूटेनचं जाळं आपलं आपण तयार होतं. मी अंथरुणात असताना स्वयंपाकघरात कुणीतरी काम करतंय, या विचारानं झोप फार छान लागते. एकदा तो फुगलाच नाही. विटेसारखा झाला होता, सुपात बुडवून बुडवून संपवला. भट्टीतून काढल्यावर निवेपर्यंत कापू नये म्हणतात. आमच्याकडे ते कधी जमलेलं नाही.

बाकीचा वेळ? शब्दकोडं सोडवतो, त्यावरून भांडतो. दुपारी पुस्तक उघडून छातीवर ठेवते आणि झोपते. खिडकीशी बसून चहाचे दोन कप, त्यातला दुसरा निव्वळ आळस म्हणून. कपाट आवरत नाही. सुट्टीत कपाट आवरणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण मैत्री जमत नाही. आणि खोटं कशाला बोलू, लोकांचे डोंगरावरचे फोटो यायला लागले की शनिवारी संध्याकाळी थोडं टोचतं. रविवारी अर्धा तास चक्क कंटाळाही येतो.

सोमवारी रात्री उरलेला ब्रेड कापडात गुंडाळून ओट्यावरच ठेवते. फ्रिजमध्ये तो उलट लवकर शिळा होतो. मंगळवारी सकाळी त्याचे दोन तुकडे तव्यावर भाजायचे, डब्याच्या तळाशी राहिलेला चमचाभर कांदा त्यावर पसरायचा आणि एका हातात किल्ल्या धरून उभ्या उभ्या चार मिनिटांत संपवायचं. बस आठ दहाची असते.