वेल्सची आडवाट : ‘आर्काडिन’चा ९५ मिनिटांचा चकवा सुटला

अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या कमी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांची यादी ‘मिस्टर आर्काडिन’पाशी अडली होती, ती अखेर सरकली. हातातली प्रत नेमकी कुठली, हे लांबीवरून का ठरत नाही ते उलगडलं.

निर्माता लुई दोलिवेनं संकलन वेल्सच्या हातून काढून घेतलं आणि चित्रपटाच्या वेगवेगळ्या प्रती निघाल्या, असा हा गोंधळ. इंग्रजीत सहसा तीन प्रती भेटतात. युरोपातली ‘कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट’ ९८ मिनिटांची, दिग्दर्शक पीटर बोग्दानोविचला १९६१मध्ये सापडलेली कॉरिंथ (हे वितरक कंपनीचं नाव) ९९ची, आणि फ्लॅशबॅक काढून कथा सरळ लावलेली, जिकडेतिकडे फुकट मिळणारी ९५ची.

घोळ पाल (युरोप-भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीनं होतो. २४ फ्रेमचा चित्रपट तिथे सेकंदाला २५ फ्रेमनं पळतो. ९९ला २४नं गुणून २५नं भागा : ९५! म्हणजे पालमधली अस्सल कॉरिंथ आणि ती सरळ केलेली प्रत सारख्याच लांबीच्या. ९५ आकडा दिसला म्हणून फाइल उडवू नका.

खरी खूण झूकची खोली. कथेचा नायक व्हॅन स्ट्रॅटन म्युनिकच्या माळ्यावर मरायला टेकलेल्या याकोब झूकला (अकिम तामिरॉफ, काय काम केलंय!) सगळी हकीकत सांगतो. ही चौकटच नसेल, तर ती सरळ प्रत. कथा पुन्हापुन्हा त्या खोलीत परतत असेल, तर कॉरिंथ. ‘कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट’मध्ये ही ये-जा कमी आहे, शिवाय शीर्षक पडद्यावरच असतं. सोफीच्या भूमिकेत कातिना पाक्सिनूऐवजी इरेने लोपेझ एरेदिया दिसली, तर प्रत स्पॅनिश.

पालची प्रत व्हीएलसी प्लेअरमध्ये ०.९६ वेगानं लावा आणि ऑडिओचं टाइम-स्ट्रेचिंग (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो, सूर मात्र चढाच राहतो. पालमध्ये सूर पेटीच्या पांढरी एकवरून काळी एककडे जवळपास पाऊण वाट सरकलेला असतो. आर्काडिनचा (म्हणजे खुद्द वेल्सचा) खर्ज ऐकला की लगेच कळतं. काही डिस्कवर सूर आधीच सुधारलेला असतो, तिथे टाइम-स्ट्रेचिंग चालूच हवं.

विकत घ्यायचंच तर क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीचा २००६चा डीव्हीडी संच. त्यात कॉरिंथ आणि ‘कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट’ आहेतच, वर श्टेफान ड्र्योसलर आणि क्लोद बेर्तेम यांनी जुळवलेली १०५ मिनिटांची प्रतही आहे. ती अभ्यासाला अमूल्य, पण पहिल्यांदा पाहताना नको. आधी कॉरिंथच.

पुढचा क्रमांक ‘ऑथेल्लो’चा होता, पण तो मागे ढकलावा असं आता वाटतंय. याच संचात हॅरी लाइमच्या (‘द थर्ड मॅन’मधलं वेल्सचं पात्र) रेडिओ मालिकेचे तीन भाग आहेत आणि आर्काडिनचं मूळ त्या मालिकेतच आहे. ते आधी ऐकू. मग वेल्सचाच ‘मॅकबेथ’, १९४८चा, स्कॉटिश उच्चारांचा, १०७ मिनिटांचा. १९५०चा ८५ मिनिटांचा, पुन्हा डब केलेला नव्हे. पालमध्ये ते साधारण १०३ आणि ८२ होतात, त्यामुळे तिथे लांबीवर विसंबायला हरकत नाही.