किती चुकली?

मंगळवार, रात्र

बूथचं दार उघडलं आणि आजोबांनी बाहेर पाऊल टाकायच्या आत विचारलं, "किती चुकली?"

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, ही परीक्षाच असं बऱ्याच जणांना वाटतं. कानाला हेडफोन, हातात बटण, बारीक आवाज आला की दाबायचं. नापास व्हायला नको म्हणून काही जण भास झाला तरी दाबून मोकळे होतात. माझी विद्यार्थिनी हसून म्हणाली, "नाही नाही आजोबा, छान झाली तुमची टेस्ट."

आजोबा एकदम खुलले. मुलीकडे वळून म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

पाच मिनिटांनी हिने त्यांच्यापुढे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, ठेवला आणि दोन्ही कानांना ऐकायचं मशीन लागेल म्हणून सांगितलं. आजोबा कागदाकडे बघत राहिले. बटण केव्हाच खाली ठेवलं होतं, पण उजव्या हाताचा अंगठा अजून तसाच वाकलेला होता. पुढे ती जे काही बोलली त्याला ते फक्त "हो, हो" म्हणत गेले.

तपासणी म्हणाल तर नाव ठेवायला जागा नव्हती. आवाज ऐकू आला की १० डेसिबल खाली, नाही आला की ५ वर, ही कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ साली घालून दिलेली पद्धत तिने तंतोतंत पाळली. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत सगळं घेतलं, १००० पुन्हा तपासलं, गरज होती तिथे मास्किंग केलं, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात खरखर सोडली. माझ्या चेकलिस्टवर एकही चौकट रिकामी राहिली नाही. जाता जाता मी तिला म्हटलंसुद्धा, "छान केलंस."

दुपारी तिची चिंतनाची नोंद वाचायला घेतली. चिंतन लिहायचा ठरलेला साचा, गिब्जचं चक्र: सहा टप्पे, सहा परिच्छेद. 'रुग्णाशी सुसंवाद साधला. वेळेचे नियोजन सुधारायला हवे.' हे वेळेचं नियोजन मी इतक्या वह्यांत वाचलंय की आता डोळे आपोआप पुढे सरकतात. चिंतनाला मार्क ठेवले की मुलं ज्या चुकीची किंमत सर्वांत कमी, तीच कबूल करतात. यात त्यांना कशाला बोल लावू? मार्क ठेवणारे आम्हीच.

तिला बोलावलं तर दारातूनच विचारते, "काही चुकलं का मॅडम?"

माझ्या तोंडावर "नाही गं, छान झालं" आलंच होतं. कशीबशी थांबले.

नोंद बाजूला ठेव म्हटलं. आजोबा काय काय बोलले ते आठवेल तसं लिही, त्यांच्याच शब्दांत. ती बराच वेळ पेन धरून बसली. शेवटी तीन वाक्यं निघाली, त्यातलं एक 'किती चुकली?' बाकी सगळं बोलणं मुलीचं होतं. टीव्ही मोठा लावतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, फोनवर बोलायचं टाळतात.

"त्यांना नीट ऐकू येत नाही ना मॅडम, म्हणून मी ताईंनाच विचारत गेले."

उत्तर प्रामाणिक होतं. घरीही त्यांच्याशी सगळे हेच करत असणार. बेकमन आणि फ्रँकेल यांचं १९८४ चं निरीक्षण मी दरवर्षी वर्गात सांगते: रुग्ण बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. इथे तोडायला काही नव्हतंच, कारण आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं. तक्रारीच्या रकान्यात जे लिहिलंय ती मुलीची तक्रार आहे.

मग आम्ही दोघींनी ऑडिओग्राम पुन्हा पुढ्यात घेतला. ५०० हर्ट्झपर्यंत रेघ २५ डेसिबलच्या आसपास, तिथून उतार लागतो तो ४००० ला थेट ७०; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. म्हणजे स्वर कानापर्यंत पोचतात, पण 'स', 'फ', 'थ' अशी बारीक, उंच पट्टीची व्यंजनं गळतात. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतो. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते निसटतं. त्यामुळे "मला ऐकू येतं" हे आजोबांचं म्हणणं खोटं नाही. घरच्यांचं "ऐकत नाहीत" हेही खोटं नाही. या वादात 'छान झाली टेस्ट' हे आजोबांना आपल्या बाजूने मिळालेलं प्रशस्तिपत्रक वाटलं आणि पाच मिनिटांत आपणच ते काढून घेतलं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा त्यांचा चेहरा बघितला होता मी. काहीतरी गडबड झाली असं वाटलंही होतं."

हे तिच्या नोंदीत कुठेच नव्हतं. व्यावसायिक कसे शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन चिंतनं वेगळी करून सांगितली, काम झाल्यावरचं आणि काम चालू असतानाचं. पहिलं आम्ही वहीत लिहून घेतो. दुसरं तिला त्या क्षणी झालं होतं, फक्त त्यावर काही करायची मुभा आहे हे आम्ही तिला कधी सांगितलंच नाही. आणि मी? तो खुललेला चेहरा मलाही दिसला होता. पण माझ्या चेकलिस्टमध्ये त्याला चौकट नव्हती.

"मग 'किती चुकली?' ला म्हणायचं तरी काय?" तिने विचारलं.

तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'ही परीक्षा नव्हे' हे बूथमध्ये बसवायच्या आधीच सांगायला हवं, इतपत आमचं एकमत झालं. बाकीचं ती विचार करून सांगणार आहे.

शुक्रवारी आजोबा मशीनची ट्रायल घ्यायला येतील. खुर्ची त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल अशी, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसतील. स्क्रीन बाजूला. आधी कोसीचा फॉर्म: नीट ऐकू यावं असं कुठे कुठे वाटतं, ते पाच प्रसंगांपर्यंत त्यांनी स्वतः सांगायचं. ताईंची पाळी नंतर. मी कोपऱ्यात बसेन, चेकलिस्टशिवाय. हाताला चाळा म्हणून पेन तेवढं नेईन.